आरओचा रिपोर्ट स्वच्छ, कूलरच्या नळाला मात्र कोलिफॉर्म: कारखान्यातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल

वर्कशॉप_मेंटेनन्स

मंडळी, मुद्दे मांडतो, जाणकारांनी मार्ग सुचवावा.

इंजिनिअरिंग कारखाना, औद्योगिक वसाहतीत. तीन पाळ्या मिळून ३५० माणसं, शिवाय कॅन्टीन. पाण्याचे स्रोत दोन: वसाहतीची नळलाईन आणि आवारातली बोअर. दोन्ही एकाच जमिनीखालच्या टाकीत पडतात. तिथून सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, ५ मायक्रॉन कार्ट्रिज, मग १००० एलपीएचचा (तासाला हजार लिटर शुद्ध पाणी देणारा) आरओ, म्हणजे दाबाने मेम्ब्रेनमधून (बारीक पडद्यातून) पाणी ढकलून क्षार वेगळे करणारं यंत्र. आरओनंतर यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा), त्यानंतर गच्चीवर २००० लिटरची प्लास्टिक टाकी, तिथून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपने पाच कूलर.

टाकीतल्या मिश्र पाण्याचे आकडे: टीडीएस (विरघळलेले क्षार) १३५०, कठीणपणा ६२०, नायट्रेट ६८ (तिन्ही पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच ७.६. आरओनंतर टीडीएस ३५, पीएच ६.१.

तक्रारी तीन. पहिली, आरओच्या आउटलेटचा जैविक रिपोर्ट स्वच्छ येतो, पण तीन नंबरच्या कूलरच्या नळाला कोलिफॉर्म (पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जंतू) सापडले. दुसरी, मेम्ब्रेन वर्षभरात बसतात, म्हणजे चोंदून निकामी होतात. तिसरी, पाणी बेचव लागतं म्हणून कामगार बाहेरून बाटल्या आणतात. रिजेक्ट (आरओ बाहेर टाकतो ते क्षारांचं पाणी) ६०० एलपीएचवर ठेवलंय. मेम्ब्रेन ४०४० (४ इंच व्यास, ४० इंच लांब), एकूण चार, दोन-दोनच्या दोन व्हेसल (मेम्ब्रेन ठेवायच्या नळ्या).

लॅबवाली_ताई

आधी कोलिफॉर्म, कारण तो आजच माणसांच्या पोटात जातोय. बाकी दोन प्रश्न आठवडाभर थांबतील. तीन नंबरचा कूलर आत्ताच बंद करा आणि तिथे 'पाणी पिऊ नये' असा फलक लावा. बाकीच्या चार कूलरचा अहवाल हातात येईपर्यंत सगळ्यांचंच पाणी उकळून द्या किंवा सीलबंद जार आणा.

आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे १०० मिलिमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) शून्य आणि एकूण कोलिफॉर्मही शून्य. 'थोडेसेच आहेत' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

आता नमुने. एकाच दिवशी, पाण्याच्या वाटेने पुढे पुढे जात घ्या: आरओचं आउटलेट, यूव्हीनंतर, गच्चीवरच्या टाकीचं आउटलेट, जीआय लाईनचं शेवटचं टोक, आणि प्रत्येक कूलर. कूलरच्या नळाचे दोन नमुने लागतील. पहिला नळ न पुसता, माणूस पेला धरतो तसा. दुसरा घेण्यापूर्वी तोंडावरची जाळी काढा, ७० टक्के अल्कोहोलने तोंड पुसा, नळ धातूचा असेल तर ज्योत फिरवा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या आणि मग बाटली भरा. पहिल्यात कोलिफॉर्म आणि दुसऱ्यात नाही, तर दोष नळाच्या तोंडाशी. दोन्हीत असतील तर दोष मागे, टाकीत किंवा लाईनमध्ये. ही जोडी घेतली नाही तर नुसता अंदाज बांधत बसाल.

बाटली लॅबचीच निर्जंतुक हवी. तिच्या तळाशी थायोसल्फेट असतं, क्लोरिन मारण्यासाठी. ती विसळू नका, विसळली की ते निघून जातं. वर बोटभर जागा रिकामी सोडा. नमुना बर्फाच्या पेटीतून शक्यतो ६ तासांत लॅबमध्ये, २४ तासांपलीकडे कधीच नाही. आणि नमुना घेताना त्याच नळाचा क्लोरिन तिथल्या तिथे मोजून बाटलीवर लिहा. क्लोरिनचा आकडा नसलेला जैविक रिपोर्ट अर्धाच असतो.

एचटूएस बाटली (दूषित पाणी भरलं की काळी पडणारी साधी चाचणी) रोजच्या नजरेसाठी चांगली. ती संख्या सांगत नाही, दूषित आहे एवढंच सांगते. आणि ती काळी झाली नाही म्हणजे पाणी शुद्धच, असंही नाही.

फिल्टरवाले_काका

ताईंनी वाट दाखवलीच आहे. माझा पैज लावण्याजोगा अंदाज दोन जागांवर आहे.

पहिली जागा तुमच्याच वर्णनात आहे: यूव्ही टाकीच्या आधी बसवलाय. यूव्ही त्याच्या नळीतून जाणाऱ्या पाण्यापुरतं काम करतो, पुढे पाण्यासोबत काही जात नाही. त्यात आरओआधीच्या कार्बन फिल्टरने क्लोरिन आधीच गेलेला. म्हणजे गच्चीवरच्या टाकीत, उन्हात तापलेलं, कसलंही संरक्षण नसलेलं पाणी उभं आहे. झाकण नीट बसत नसेल, हवेच्या नळीला जाळी नसेल, ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात बुडत असेल, तर पुढचं सांगायला नको.

दुसरी जागा कूलरच्या मागे. इनलेटला पांढऱ्या हाऊसिंगमध्ये कार्बन कॅन्डल आहे का बघा. विक्रेते ती 'जास्तीची शुद्धता' म्हणून फुकट लावून देतात. ती क्लोरिन शोषून घेते, आणि सहा महिने बदलली नाही तर तिच्यातच जंतूंची वस्ती होते. पिण्याच्या नळाआधी शेवटची वस्तू कार्बन असू नये. उघडून बोट फिरवा. शेवाळी, बुळबुळीत थर लागला तर तीन नंबरचं उत्तर तिथेच मिळालं.

आरओ_सर्व्हिस_चाकण

मेम्ब्रेनचं मी सांगतो. वर्षभरात बसण्याचं कारण पाण्यात कमी आणि जोडणीत जास्त आहे.

दोन व्हेसल समांतर आहेत असं धरतो (नसतील तर सांगा). ६०० एलपीएच रिजेक्ट दोघांत वाटलं की प्रत्येकीच्या शेवटच्या मेम्ब्रेनवरून फक्त ३०० एलपीएच वाहतं. ४ इंची मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकाला निदान ७०० एलपीएच रिजेक्ट वाहायला हवं, तरच क्षार पृष्ठभागावरून धुऊन निघतात. तुमच्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी आहे. शिवाय रिकव्हरी (आत येणाऱ्या पाण्यातून, म्हणजे फीडमधून, शुद्ध मिळणारा वाटा) १००० भागिले १६००, म्हणजे साडेबासष्ट टक्के. त्यावर पाणी २.६७ पट घट्ट होतं, म्हणून ६२० चा कठीणपणा शेवटी १६५० च्या घरात जातो. कॅल्शियम कार्बोनेट तिथे बसणारच.

करायचं ते असं. दोन्ही व्हेसल मालिकेत जोडा, पहिलीचं रिजेक्ट दुसरीचा फीड. रिजेक्टचा व्हॉल्व्ह उघडून १००० एलपीएचवर आणा. फीड २००० होईल, रिकव्हरी ५० टक्के, शेवटच्या टोकाला १००० वाहतंय, कठीणपणा १२४० च्या आसपास थांबतो. आधी पंपाची क्षमता तपासा, २००० एलपीएच त्या दाबाला देतो का. नसेल देत तर पंप बदलावा लागेल. फीडचं पाणीच कमी पडत असेल तर रिजेक्टचा काही भाग हाय प्रेशर पंपाच्या सक्शनला परत फिरवा. त्याने शेवटच्या टोकाचा प्रवाह टिकतो, मात्र शुद्ध पाण्याचा टीडीएस थोडा वाढतो.

अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारं रसायन) फीडवर ४ पीपीएम धरा. २००० एलपीएचला तासाला ८ ग्रॅम. डोसिंग पंप ०.२ लिटर प्रति तासावर ठेवून ५ लिटर आरओ पाण्यात २०० ग्रॅम घाला, ते २५ तास चालतं. मोठ्या टाकीत फारच पातळ करून आठवडे ठेवू नका, त्यात बुरशी वाढते आणि तीच मेम्ब्रेनवर जाऊन बसते.

धुण्याची वेळ कॅलेंडरवरून ठरवू नका. तापमान-दाब जुळवून घेतलेला शुद्ध पाण्याचा प्रवाह १० टक्के घटला, किंवा व्हेसलच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक १५ टक्के वाढला, की धुवा. थंडीत प्रवाह आपोआप कमी होतो, एका अंशाला साधारण ३ टक्के. डिसेंबरात 'मेम्ब्रेन गेली' म्हणून बदलणारे लोक आहेत. तिचं फक्त पाणी गार झालेलं असतं.

कार्बोनेट असेल तर २ टक्के सायट्रिक आम्लाने आधी. शेवाळ, चिकट थर असेल तर अल्कलीने आधी, मग आम्ल. चिकट थरावर आधी आम्ल टाकलं तर तो आणखी घट्ट बसतो.

वर्कशॉप_मेंटेनन्स

व्हेसल समांतरच आहेत. कूलर दोन आणि तीनला कार्बन कॅन्डल निघाली, तीनची काळी-हिरवी झालीय. पाचही कूलर बंद करून सध्या सीलबंद जार ठेवलेत. नमुने उद्या जातील.

एक माहिती आधी द्यायला हवी होती: फक्त नळलाईनच्या पाण्याचा टीडीएस १४० आणि कठीणपणा ७० आहे. ते धरणाचं, प्रक्रिया होऊन आलेलं पाणी. पण दिवसाला दोन-तीन तासच येतं, म्हणून बोअर मिसळतो.

जुना_पाणीपुरवठेकरी

मग सगळा धागाच बदलतो. हे वाक्य पहिल्या पोस्टमध्ये असतं तर कोणी मेम्ब्रेनवर बोललंच नसतं.

१४० टीडीएसचं, प्रक्रिया केलेलं पाणी तुमच्या दारात येतंय. त्यात १३५० हूनही जास्त टीडीएसचं बोअर तुम्ही मिसळता आणि मग ते वेगळं काढायला आरओ चालवता. चांगलं पाणी आधी बिघडवायचं, मग निम्मं फेकून उरलेलं सुधारायचं. त्यात नळलाईनचा उरलासुरला क्लोरिन बोअरच्या लोहात आणि सेंद्रिय घाणीत खर्च होतो, तो तोटा वेगळाच. महाराष्ट्रातल्या काळ्या खडकाच्या पट्ट्यात बोअरचा कठीणपणा चढाच असतो, त्यात नवल नाही. नवल याचं की पिण्याचं पाणी तिथून काढायचा हट्ट कशाला?

पिण्याला लागतं किती? माणशी ५ लिटर धरा, ३५० माणसांचे १७५० लिटर. कॅन्टीनचा स्वयंपाक आणि पिण्याचा भाग धरून दिवसाला ४००० लिटर. नळलाईन एक दिवस चुकली तरी भागावं म्हणून १०,००० लिटरची स्वतंत्र टाकी बांधा, फक्त नळलाईनवर. बोअर संडास, धुणं, बाग, मशीन, कूलिंग यांना जाऊ द्या. घरगुती वापराचा एकूण हिशेब न्हाणीघरासह माणशी ४५ लिटर धरतात. त्यातला पिण्याचा वाटा केवढासा, तेवढाच जपायचा आहे.

या १०,००० लिटरवर सँड फिल्टर, क्लोरिन, आणि हवाच असेल तर टाकीनंतर यूव्ही. आरओ नाही. पाण्यात मूळचे क्षार राहतात, म्हणून बेचवपणाची तक्रारही जाईल.

आरओ काढून फेकू नका. उन्हाळ्यात लाईन बंद पडली तर बोअरसाठी तो राखीव. मिश्र पाण्यातच नायट्रेट ६८ आहे, मर्यादा ४५, आणि नायट्रेट उकळून जात नाही, उलट वाढतं. म्हणून बोअर पिण्याला वापरायची वेळ आली तर आरओ लागणारच.

यूव्ही_समर्थक

पाणीपुरवठेकरी, आरओ-यूव्ही असताना क्लोरिन कशाला? वास येतो, कामगार कुरकुर करतात. यूव्ही कूलरच्या आधी लावला की झालं.

जुना_पाणीपुरवठेकरी

यूव्ही चांगला आहे, पण तो दिव्याच्या नळीपुरता. दिवा साधारण ९००० तासांनी, म्हणजे सतत चालला तर वर्षाने बदलायचा. निळा उजेड दिसतोय म्हणून तो जंतू मारतोय असं नाही, मारणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. क्वार्ट्झच्या नळीवर क्षार चढले तर उजेड पाण्यापर्यंत पोचत नाही. वीज गेली आणि टाकीचं पाणी उताराने वाहत राहिलं तर पाणी तसंच पुढे जातं, म्हणून यूव्हीसोबत वीज जाताच बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच. आणि पाच कूलर असतील तर पाच दिवे लागतील. त्यानंतरच्या नळीत, कूलरच्या टाकीत काय पडलं याला यूव्हीकडे उत्तर नाही. शिल्लक क्लोरिनकडे आहे.

वासाची तक्रार बहुतेक वेळा क्लोरिन जास्त झाल्याने येत नाही, कमी पडल्याने येते. पाण्यात अमोनिया असेल आणि क्लोरिन अपुरा असेल तर क्लोरामाइन होतात, उग्र वास त्यांचा. स्वच्छ पाण्यात ०.२ ते ०.५ पीपीएम मुक्त क्लोरिन गार कूलरमधून प्यायला तर बहुतेकांना कळतही नाही.

लॅबवाली_ताई

क्लोरिनचे आकडे नीट लिहून ठेवते, कारण गोंधळ इथेच होतो.

१०,००० लिटरला १ पीपीएम म्हणजे १० ग्रॅम क्लोरिन. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट वापरलं तर १०० मिलि. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ३० टक्क्यांची असेल तर ३३ ग्रॅम. टीसीएल बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी वापरा. डोसिंग पंपाला टीसीएल लावू नका, चुन्याने व्हॉल्व्ह चोंदतात.

अर्ध्या तासाने टाकीत मुक्त क्लोरिन ०.५ हवा, सर्वात लांबच्या नळाला ०.२. टाकीत ०.५ आहे आणि लांबच्या नळाला शून्य, तर मधल्या पाइपात घाण आहे किंवा कुठेतरी कार्बन बसलाय. किती डोस लागेल याचा अंदाज पुस्तकावरून नको, पाण्यावरून घ्या. एक-एक लिटरची चार काचेची भांडी, त्यांत ०.५, १, १.५ आणि २ पीपीएम, अंधारात अर्धा तास, मग मोजा. ज्यात ०.५ उरला तो तुमचा डोस. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की हीच चाचणी पुन्हा.

मोजायला डीपीडी गोळी वापरा, गुलाबी रंग. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीचा पिवळा रंग मुक्त आणि संयुक्त क्लोरिन वेगळा दाखवत नाही, आणि ते रसायन हाताळायलाही चांगलं नाही. डीपीडीत एक खोच आहे: क्लोरिन फारच जास्त असेल तर रंग येऊन क्षणात उडतो आणि पाणी पांढरं दिसतं. तिथे 'क्लोरिन नाही' म्हणून आणखी ओतलं जातं. शंका आली तर नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघा.

हायपो ताजं घ्या, सावलीत ठेवा, कॅनवर आल्याची तारीख लिहा. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते.

आरओ_सर्व्हिस_चाकण

डोसिंग पंपाबद्दल दोन गोष्टी. हायपोतून वायू सुटतो आणि पंपाच्या डोक्यात हवा अडकते. पंप टक-टक वाजत राहतो, डोस मात्र शून्य. डोकं द्रावणाच्या पातळीखाली बसवा म्हणजे हवा कमी अडकते, आणि एअर व्हेंट रोज सोडा. दुसरं, हायपो बोअरच्या पाण्यात पातळ करू नका. कठीण पाण्यात कार्बोनेट साका होतो आणि फूट व्हॉल्व्ह गच्च बसतो. आरओचं किंवा मऊ पाणी वापरा.

सेफ्टी_ऑफिसर_ठाणे

दोन-तीन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून.

जुन्या कारखाना अधिनियम १९४८ च्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम १८ मधला दंडक नव्या जागा ठरवताना डोळ्यासमोर ठेवा: पिण्याच्या पाण्याची जागा धुण्याची जागा, मुतारी, संडास, पिकदाणी, उघडं गटार यांपासून ६ मीटरच्या आत नको, आणि तिथे बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं हवं. २५० पेक्षा जास्त माणसं असतील तर उन्हाळ्यात गार पाणी, हेही त्याच कलमात होतं. हिंदी, ओडिया बोलणारे कामगार जास्त असतील तर फलक त्या भाषांतही लावा. खरा धोका बोअरच्या नळाला तोंड लावण्यात आहे, म्हणून त्या प्रत्येक नळावर 'पिण्यास अयोग्य' हवंच.

स्रोत वेगळे केलेत की ते जोडले जाणार नाहीत हे बघा. बहुतेक ठिकाणी कोणीतरी 'अडीअडचणीला' म्हणून बोअर आणि पिण्याच्या लाईनमध्ये एक व्हॉल्व्ह ठेवून देतो. तो व्हॉल्व्ह गळतो आणि एके दिवशी दाब उलटा होतो. व्हॉल्व्ह नको, एनआरव्हीवर (पाणी उलटं न जाऊ देणाऱ्या झडपेवर) भरवसा नको. मध्ये पाइपचा तुकडाच काढून टाका. टाकीत पाणी सोडणारा नळ ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपच्या व्यासाच्या दुप्पट वर हवा. फायर हायड्रंट, कूलिंग टॉवर आणि ईटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) पुनर्वापराचं पाणी यांच्या मेकअप (भरीचं पाणी आणणाऱ्या) लाईनही बघा.

आयवॉश आणि सेफ्टी शॉवर पिण्याच्याच लाईनवर ठेवा, पण त्या फांद्यांत पाणी उभं राहतं. आठवड्यातून एकदा उघडून वाहू द्या.

आणि जमिनीखालची टाकी धुवायला माणूस उतरवणार असाल तर परमिटशिवाय नाही. आधी ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली उतरायचं नाही. पंखा, दोर, वर एक माणूस कायम उभा. आत हायपो आणि आम्लाचा क्लीनर एकत्र आले तर क्लोरिन वायू होतो. बंद टाकीत त्याला पळायला जागा नसते, माणसालाही नसते.

वर्कशॉप_मेंटेनन्स

नमुन्यांचे निकाल आले. आरओ आणि यूव्हीनंतर स्वच्छ. गच्चीवरच्या टाकीत एकूण कोलिफॉर्म आहेत, ई. कोलाय नाहीत. कूलर दोन आणि तीन, दोन्ही प्रकारच्या नमुन्यांत कोलिफॉर्म. एक, चार, पाच न पुसता घेतलेल्या नमुन्यात आहेत, पुसल्यावर नाहीत. क्लोरिन सगळीकडे शून्य.

नळलाईनसाठी १०,००० लिटरची टाकी मंजूर झाली. तोवर काय करू? आणि आरओ राखीव ठेवताना मेम्ब्रेन कशा टिकवायच्या?

फिल्टरवाले_काका

तोवर आरओनंतरच क्लोरिन द्या. आरओच्या पाण्याला क्लोरिनची भूक जवळजवळ नसते, ०.५ पीपीएम पुरतो. १००० एलपीएचला तासाला अर्धा ग्रॅम. १० लिटर आरओ पाण्यात १०० मिलि १० टक्क्यांचं हायपो, पंप अर्धा लिटर प्रति तास. आरओ मोटरसोबतच चालू-बंद होईल असा जोडा. डोस मेम्ब्रेननंतर, टाकीच्या आधी. आधी दिला तर मेम्ब्रेन जळते.

पण आधी गच्चीवरची टाकी आणि कूलर साफ हवेत. सगळ्या कार्बन कॅन्डल काढा. टाकी रिकामी करून ब्रशने घासा, नायलॉनचा, तारेचा नको, ओरखड्यांत थर धरतो. गाळ काढून स्वच्छ पाण्याने भरा. २००० लिटरला १० पीपीएम म्हणजे २०० मिलि हायपो. ते पाणी पाचही कूलरच्या नळांतून क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडा, मग नळ बंद करून २४ तास तसंच ठेवा. नळांवर फलक आणि चिकटपट्टी लावा, कोणी पिऊ नये. कूलरची स्टीलची टाकी वरून उघडून घासा, फ्लोट व्हॉल्व्हच्या मागचा कोपरा विसरू नका. मग सगळं सोडून देऊन डीपीडीवर ०.५ च्या खाली येईपर्यंत धुवा. ते पाणी ईटीपीच्या जैविक टाकीत एकदम जाऊ देऊ नका.

जीआय लाईन मात्र बदला. ६.१ पीएचचं, क्षार नसलेलं पाणी जस्त खातं, मग लोह. त्या गंजाच्या खवल्यांखाली जंतू लपतात आणि क्लोरिन तिथवर पोचत नाही. सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) घाला, आणि कूलर काढलेल्या जागेची बंद टोकं कापून टाका.

आरओ_सर्व्हिस_चाकण

राखीव आरओ: बंद करताना दर वेळी शुद्ध पाण्याने दहा मिनिटं कमी दाबावर धुवा, म्हणजे घट्ट रिजेक्ट आत उभं राहत नाही. दोन दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर रोज अर्धा तास चालवा किंवा शुद्ध पाण्यात १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइट भरून व्हेसल दोन्ही बाजूंनी बंद करा. महिन्यातून एकदा पीएच बघा, ३ च्या खाली गेला की द्रावण बदला. पुन्हा सुरू करताना पहिल्या तासाचं पाणी फेका.

बोअरवर आरओ चालवायची वेळ आली आणि पुन्हा बेचव वाटलं, तर शुद्ध पाणी कॅल्साइटच्या (चुनखडीच्या खड्यांच्या) बेडमधून सोडा. पीएच साडेसातच्या आसपास येतो, थोडा कठीणपणा येतो. बोअरचं पाणी थेट मिसळायचं असेल तर हिशेब करा (आकडे टाकीतल्या मिश्र पाण्याचे धरलेत, नुसती बोअर याहून जड असेल): १३५० चं पाणी ३५ च्या पाण्यात साडेबारा टक्के मिसळलं की २०० टीडीएस. नायट्रेट आरओतून सुटणारं धरूनही १५ च्या आसपास, मर्यादेत. पण मिसळायचं पाणी गाळलेलं हवं, मिसळ क्लोरिनच्या डोसच्या आधी व्हावी, आणि बोअरचा नायट्रेट उन्हाळ्यात व पावसाळ्यात दोनदा तपासा.

रिजेक्ट २६५० टीडीएसचं येईल. संडासच्या फ्लशला चालेल, बागेला नको. ईटीपीत सोडणार असाल तर प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रातली टीडीएसची मर्यादा आधी वाचा.

लॅबवाली_ताई

सफाईनंतरचा नमुना त्याच दिवशी घेऊ नका. लाईनमध्ये जादा क्लोरिन असेल तर स्वच्छच येईल, त्याला अर्थ नाही. क्लोरिन नेहमीच्या पातळीवर आला की पहिला नमुना, २४ तासांनी दुसरा. त्याच नळांवरून, पुसून आणि न पुसता. दोन्ही वेळा शून्य आले तरच फलक काढा. एक, चार, पाचच्या नळांची तोंडं तोवर बदलून घ्या, आणि पेला वर करून भरता येईल एवढी जागा नळाखाली सोडा. पेल्याची कड नळाच्या तोंडाला घासते, त्या तिन्ही नळांचा दोष बहुधा तिथूनच आलाय.

रोजच्या वहीत तीनच रकाने पुरे: लांबच्या नळाचा क्लोरिन, आरओ चालू असेल तर त्याचा टीडीएस, आणि हायपोच्या कॅनची पातळी. पातळी हलली नाही आणि नळाला क्लोरिन शून्य, तर पंपात हवा अडकलीय. पातळी नेहमीसारखी उतरतेय आणि तरी शून्य, तर टाकीचं झाकण उघडून बघा.

वर्कशॉप_मेंटेनन्स

कॅन्डल काढल्या, टाकी आज घासली, हायपो घातलं. उद्या संध्याकाळी सोडून धुतो. सीपीव्हीसीचं माप घेतलंय, एक इंची मेन आणि कूलरला अर्धा इंची फांद्या. दोन नमुन्यांचे निकाल आले की इथेच टाकतो.